शेजारच्या सीटवरून गाडीची खरेदी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघे दुखतात म्हणून कागदावरच). तुझा रक्तदाब, भाऊजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरून तुमची होणारी भांडणं, सगळं बेताचं असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे ही बरी आहे.

पत्रास कारण की, आम्हाला गाडी घ्यायची आहे. तुला वाटेल, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सव्वीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस गाडीबद्दल निवृत्त मुख्याध्यापिकेला काय विचारतोय? पण दीड महिना झाला, नवी घ्यावी की वापरलेली, हेच ठरत नाही. स्कूलची गाडी मी रोज घरी आणायचो, ती आता आणत नाही (का ते पुढे येईल), त्यामुळे हिने स्वतःच्या गाडीचा ध्यास घेतलाय. नवी बघितली की मी म्हणतो, पहिला ओरखडा पडला की माझा जीव जाईल. जुनी बघितली की म्हणतो, हे विकतचं दुखणं कशाला? ही म्हणते, "अहो, तुम्हाला गाडीला चाकं तरी हवीत ना?"

शोरूममध्ये गेलो. विक्रेत्याने अदबीने दार उघडलं आणि मी सवयीने शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. तो बिचारा बराच वेळ चालवणाऱ्याची वाट बघत उभा. शेवटी त्यानेच गाडी फिरवून आणली. पहिल्याच वळणावर मी माझा ब्रेक दाबला. (शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. विकायच्या गाडीत नसतो.) इतक्या जोरात दाबला की पोटरीत गोळा आला आणि लंगडत उतरावं लागलं. विक्रेता म्हणाला, "काका, सीट मागे होते हो."

मग एका नर्सबाईंची आठ वर्षं वापरलेली गाडी बघितली. मी पत्र्यावरून सावकाश हात फिरवत गेलो आणि मागच्या दाराशी थबकलो. चेपलेलं दार भरून वर रंग मारला होता. सोबत नेलेल्या मेकॅनिकच्याही ते लक्षात आलं नव्हतं. नर्सबाई ओशाळल्या. परतताना ही कौतुकाने म्हणाली, "काय नजर आहे तुमची!" मी खिडकीबाहेर बघत बसलो. म्हणजे तोंड तिकडे करून बसलो.

ताई, आता तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. डोळे चाललेत. कडेचं दिसणं गेलंच आहे, मधलं वाटीएवढं उरलंय, तेही वर्षभर टिकलं तर टिकलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गाडी चालवायला त्यांनी केव्हाच बंदी केली. स्कूलवाल्यांनी दया करून मला वर्गात रस्त्यावरची चिन्हं शिकवायला बसवलंय. तक्ता तोंडपाठ आहे, म्हणून निभावतं. मागच्या आठवड्यात कुणीतरी नवा तक्ता लावला आणि मी 'पुढे शाळा आहे'वर छडी ठेवून 'प्रवेश बंद' शिकवलं. पंधरा जणांनी मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. घरी येऊन मी हसत हसत सांगणार होतो, पण सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मला भीती वाटते गं.

तुझा धाकटा

ता. क. गाडीचं राहू दे. तू चार दिवस ये आणि हिला हे सांग. मी रोज सकाळी सांगायचं ठरवतो आणि संध्याकाळी एखाद्या गाडीत खोट काढून मोकळा होतो.

आणखी ता. क. ताई, हे मी लिहितेय. पाकीट चिकटवून त्यांनी पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, पण पत्ता अर्धा पाकिटावर आणि अर्धा टेबलावर लिहिलेला. म्हणून उघडलं. आतल्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, तुम्हाला लागल्या नसत्या, तेव्हा सगळं पत्र मीच स्वच्छ उतरवून काढलंय. एक शब्द बदललेला नाही. डोळ्यांचं मला उन्हाळ्यापासून माहीत आहे. भरलेल्या ग्लासात ते पुन्हा पाणी ओततात. दुसऱ्या स्कूलमध्ये जाऊन मी गाडी शिकले, लायसन्स कपाटात कपड्यांखाली आहे. तेव्हा मला सांगायला येऊ नका. 'हिला सगळं माहीत आहे', एवढं त्यांना सांगायला या. माझ्या तोंडून निघत नाही.