वरच्या ठाण्याची लाइन

३ नोव्हेंबर, सोमवार

पुढाऱ्याच्या भित्तिपत्रकावर आज बंदूक उगवली. गेल्या आठवड्यापर्यंत त्याच जागी केवळ नमस्कार होता. खाली लाल अक्षरांत — ‘वरच्या ठाण्यावर बंदूक रोखून रात्रभर उभा राहिलेला रणशूर’. मिशाही नव्या दिसल्या.

ज्याने कोणी ते चिकटवले, त्याने भिंत निवडताना बुद्धी घरी ठेवली असावी. ती भिंत आमच्या माजी सैनिक संघाची. सायंकाळी सासरेबुवा आले, चष्मा पुसून त्यांनी प्रत्येक अक्षर वाचले आणि काठीने रणशूराच्या पोटात टोचले.

“त्या ठाण्यावरचा एकेक माणूस मी खोकल्यावरून ओळखायचो. हा नव्हता.”

वाद संपला, असे कोणासही वाटेल. सासरेबुवा युद्धात त्या डोंगरावरच्या ठाण्याचे हवालदार. तिथून जिवंत उतरलेल्यांपैकी आज एकटेच हयात. परंतु आमच्यात तोफखाना आहे. हे एका सभासदाचे टोपणनाव. तोफांच्या सहवासात त्याने कान गमावले आणि आवाज कमावला.

“अहो, मतं मागताना खरं कोण बोलतं? समोरच्या उमेदवाराचे तर तळवे सपाट निघाले म्हणून भरती टळली. आता त्याच तळव्यांनी गावभर पदयात्रा काढतोय. हा निदान वर्दीत तरी होता.”

“वर्दीत बँडवालापण असतो,” सासरेबुवा म्हणाले.

“काय?”

“बँडवाला!”

“हो, त्यालाही बोलवू,” तोफखाना म्हणाला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

संघाचे अध्यक्ष मेजरसाहेब घरी आले. येत्या रविवारच्या सभेत पुढाऱ्याचे सभासदत्व रद्द करण्याचा ठराव मांडायचा, त्याला बोलावून त्याच्या तोंडावर वाचायचा आणि मतदानाआधी वृत्तपत्रांकडे धाडायचा. साक्ष सासरेबुवांची. लेखन अस्मादिकांचे.

“थोडक्यात लिहा,” मेजरसाहेब दारातून पुन्हा म्हणाले. ते मला ओळखतात.

अस्मादिकांच्या समरगाथेविषयी भावी संशोधकांचा गोंधळ होऊ नये म्हणून नमूद करतो — मी सैन्यात दाखल झालो तेव्हा युद्ध संपले होते. शत्रूच्या कानी माझ्या आगमनाची वार्ता गेली असावी. पुढे निवृत्तीपर्यंत मी बूट आणि घोंगड्या यांचे यथान्याय वितरण केले. डाव्या पायाचे दोन बूट घेऊन परतलेला जवान किती क्रुद्ध होतो, हे ज्याने पाहिले नाही त्याने मजपुढे रणभयाच्या गोष्टी करू नयेत.

५ नोव्हेंबर, बुधवार

ठरावात ‘मिथ्याशौर्यप्रदर्शनपटू’ हा समास साधला. दुपार सार्थकी लागली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पत्नीस समास वाचून दाखवला. ती म्हणाली, “त्याला कळणार नाही आणि बाबांना आवडणार नाही. मग लिहिलं कोणासाठी?” वाङ्मयाचा मूलभूत प्रश्न भाजी निवडताना विचारू नये.

त्याच वेळी दूरध्वनी वाजला आणि सासरेबुवांनी उचलला. ते ‘हॅलो’ म्हणत नाहीत. घरात किती माणसे आहेत ते सांगतात. आज म्हणाले, “तिघं आहेत.” पलीकडे विमा विकणारी मुलगी होती, ती नेहमीप्रमाणे गडबडली. लग्नानंतर मला वाटले, म्हाताऱ्याचा हा विनोद असावा. त्या दिशेने मी थोडा हसलोही होतो. पुन्हा हसलो नाही.

पत्नीला विचारले, ही सवय कुठली? “लढाईतली. लहानपणापासून ऐकतेय. जास्त विचारलं तर उठून जातात.”

आज मीच विचारले. ठरावासाठी माहिती हवी, असा बहाणा केला. उठून गेले नाहीत.

“वरून आम्ही शत्रू कुठं ते सांगायचो आणि खालून तोफा मारायच्या. मधे एक तार. ती तुटली की आम्ही आंधळे आणि तोफाही आंधळ्या. त्या रात्री ती सारखी तुटत होती, आणि कोणीतरी सारखी जोडत होतं. उघड्यावर, उतारावर. जोडली की फोनवर विचारायचा — वर कोण? मी सांगायचो, किती उरलो ते.”

“कोण होता?”

“लाइनमन. दुसऱ्या तुकडीचा. तोंड कधी पाहिलं नाही. सकाळी खाली विचारलं, तर म्हणाले, तो राहिला नाही.” मग काठी शोधू लागले, काठी हातातच होती. “ती तार राहिली म्हणून मी राहिलो. आणि मी राहिलो म्हणून तुमचे हे समास ऐकायची पाळी आली.”

७ नोव्हेंबर, शुक्रवार

संघात चहाबरोबर ‘धैर्य म्हणजे काय’ हा विषय. निष्कर्ष — चहा पाणचट.

तोफखान्याचे एक वाक्य मात्र टिपून ठेवण्याजोगे: “भीती वाटली नाही असं जो सांगतो, तो तिथं नव्हता, नाहीतर त्याला अजून कळलेलं नाही की तो तिथं होता.” मेजरसाहेबांनी कप खाली ठेवला. मी घोंगड्यांविषयी काहीतरी बोललो.

८ नोव्हेंबर, शनिवार

सासरेबुवांनी ठराव ऐकला. समासापाशी डोळे मिटले. मी त्यास रसास्वाद समजलो.

“एवढंच लिहा की ठाण्यावर हा नव्हता. खोटं माझ्या तोंडून निघत नाही, आणि निघालं तर ते खोटं आहे हे लोकांना ऐकू येईल.”

हे अक्षरशः सत्य आहे. माझ्या विवाहाच्या बोलण्यांत त्यांनी माझ्या वडिलांना सांगितले होते, “मुलगा बरा आहे, फार नाही.”

९ नोव्हेंबर, रविवार

हे नीट लिहिले पाहिजे. समास नकोत.

पुढारी येणार नाही, अशी पैज होती. आला. शाल, हार, अनुयायी आणि नव्या मिशा यांसह. मेजरसाहेबांनी त्याला आधी बोलण्याची संधी दिली. ठराव माझ्या खिशात, सासरेबुवा दुसऱ्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून.

त्याने सुरुवात केली. अंधार होता मित्रांनो, शत्रू समोर होता, बंदुकीची नळी तापून लाल झाली होती — आणि ध्वनिक्षेपक बंद पडला.

ओठ हलत राहिले. मागून कोणी म्हणाले, “राहू द्या, असंच बरं वाटतंय.” सभागृह हसले. मीही हसलो.

पुढाऱ्याने एकदा हातातल्या ध्वनिक्षेपकाकडे पाहिले. खाली ठेवला. मंचावरून उतरला आणि जमिनीवर पडलेली त्याची तार उचलली. डाव्या हातात सैल धरली, तळव्यातून सरकू दिली, आणि चालू लागला. तारेकडे पाहतच नव्हता. वाकलेला, पुढची जमीन पाहत, बोटांनी तार वाचत. खुर्चीला शाल अडकली. त्याने ती सोडून दिली. हार तुटला. अनुयायांना वाटले, साहेब चपला शोधत आहेत. दोघे मदतीस वाकले, त्यांना त्याने कोपराने बाजूला केले.

आता कोणी हसत नव्हते.

तोफखान्याच्या खुर्चीपाशी हात थांबला. तार खुर्चीच्या पायाखाली चिरडून तुटली होती. “पाय,” एवढेच म्हणाला. तोफखान्याने चक्क ऐकले आणि पाय उचलला. दोन्ही टोकांचे प्लास्टिक पुढाऱ्याने दातांनी सोलले. आधी गाठ मारली — ताण आला तरी सुटू नये म्हणून — मग तारा पिळल्या, वर रुमालाची चिंधी गुंडाळली. जितक्या वेळात मी चष्मा पुसतो, तितक्या वेळात.

गुडघ्यांना धूळ तशीच घेऊन तो मंचावर गेला. ध्वनिक्षेपकावर नखाने दोनदा टकटक केली. आणि बोलला. तो भाषणाचा आवाज नव्हता. खालचा, घाईचा, धाप लागलेल्या पोराचा आवाज.

“लाइन चालू. वर कोण?”

स्वतःच दचकला. तोंड पुसले. भाषण पुढे सुरू करायला त्याने श्वास घेतला असावा.

दुसऱ्या रांगेतून उत्तर आले. घरी दूरध्वनीवर येते तसेच, सपाट.

“दोघंच. बाकीचे गेले. मारा जरा डावीकडे घ्या.”



पुढारी म्हणाला, “हवालदार?” ध्वनिक्षेपक चालू असल्याने हे सर्वांना ऐकू गेले. त्याला ते नको असावे.

सासरेबुवा उभे राहिले. “सकाळी विचारलं होतं मी. राहिला नाही म्हणाले.”

“दवाखान्यात होतो. पाठीत लागलं होतं.”

“मग सांगायचं तरी.”

“कोणाला? तुम्हाला पाहिलंच कुठं होतं?”

मेजरसाहेबांनी सभा तहकूब केली. ठराव खिशातच राहिला. समासासह.

फाटकापाशी मी पुढाऱ्याला गाठले. प्रश्न सरळ विचारला: हे असताना ती बंदूक कशाला?

“पहिल्या निवडणुकीत खरंच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “मी लाइनमन होतो म्हणून. लोक विचारायचे, आमच्या गल्लीतला दिवा कधी लागणार? पडलो. पुढच्या वेळी भाषणात बंदूक घेतली, ठाण्याचं नाव न घेता. निवडून आलो.”

“आता?”

“आता मतदान आठवड्यावर आलंय. भित्तिपत्रकं छापून झालीयत.” गाडीत बसताना पाठीला हात लावून कण्हला. निवडणुकीसाठी नसावे, अनुयायी पुढे गेले होते.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुपारी दूरध्वनी वाजला. सासरेबुवांनी उचलला, आणि प्रथमच काही न सांगता पलीकडचे ऐकत राहिले. मग म्हणाले, “चुकीचा नंबर.” बराच वेळ रिसीव्हर हातात होता.

पत्नी म्हणाली, त्यांना विचारू नका. मी विचारले नाही. अस्मादिकांच्या इतिहासात ही घटना दुर्मिळ.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वार्ताहर आला. रविवारी काहीतरी घडले, एवढे त्याच्या कानी गेले होते. अंगणात उभ्या उभ्याच सासरेबुवांना विचारले: त्या रात्री साहेब ठाण्यावर होते का? तुम्ही पाहिलंत? बंदूक चालवत होते?

मी दारात होतो. आता काय ऐकू येणार, हे मला ठाऊक होते. या माणसाने माझ्याच लग्नाच्या बोलण्यांत मला ‘फार नाही’ म्हटले होते.

“होता,” सासरेबुवा म्हणाले. “रात्रभर. माझ्या शेजारीच.”

वार्ताहर गेल्यावर मला म्हणाले, “मत देणार नाही हां त्याला. थापाड्या आहे.”