समासातलं नाटक

दि. ९, रविवार.
सकाळी कपडे धुतले. दुपारी नाटक पाहिलं. सहाला घरी आलो.

आदरणीय अक्का,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी बरा आहे. स्वयंपाक जमतो. चव येत नाही, पण मोजमाप अचूक असतं (बत्तीस वर्षं दुकानांचे वजनकाटे तपासले, त्याचा आता एवढाच उपयोग).

पत्रास कारण, तुमच्या बहिणीचं नाटक आज रंगमंचावर आलं. नाट्यमंडळात ती बावीस वर्षं प्रॉम्प्टर होती, म्हणजे पडद्याआड बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, हे तुम्हाला माहीतच आहे. (घरीही तेच. पाहुणे निघाले की ती माझ्यामागून पुटपुटायची, "पुन्हा या," आणि मी ते मोठ्याने म्हणायचो. लोक मला अगत्यशील समजत.) शेवटच्या वर्षी तिने एक जुनं, गाजलेलं अस्तित्ववादी नाटक आजच्या काळात आणायला घेतलं. मूळ नाटकात एक माणूस रांगेत उभा असतो. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, तरी हा रांग सोडत नाही. अडीच तास. तिने रांगेच्या जागी टोकनचं यंत्र आणलं आणि खिडकीत एक कारकून बाई बसवली. वही संपत आली होती, तेवढ्यात ती गेली. पंधरा दिवसांनी दिग्दर्शक वही न्यायला आला (ती त्याला दाढी म्हणायची. मीही म्हणतो, मनात). मी वही न उघडता दिली. उघडवली नाही.

चूक तिथे झाली. मी फारसा बोलत नाही, आणि ऐकलेलं विसरतो, म्हणून ती माझ्यासाठीचे निरोप हाताला लागेल त्या कागदावर लिहायची. वही स्वयंपाकघरात उघडी पडलेली असायची, लाल पेन्सिल शेजारीच. नाटकाच्या सूचनाही ती त्याच पेन्सिलने समासात लिहायची. दाढीने समासातलं सगळंच नाटकात धरलं आणि कारकून बाईच्या तोंडी घातलं.

त्यामुळे आज नायक गुडघ्यांवर बसून म्हणाला, "मी इथे का उभा आहे?" आणि बाई वर न बघता म्हणाली, "निळी गोळी जेवणानंतर. आधी नाही." प्रेक्षागृह सुन्न. मग तो ओरडला, "मला कोणी ओळखतं का?" बाई म्हणाली, "करड्या पँटचं बटण लावलंय." टाळ्या. (मी तीच पँट घातली होती. हात आपोआप बटणाकडे गेला.) पुढे "बाथरूमचा बल्ब गेलाय, चाळीसचा आणू नका, साठचा आणा," हे आलं, तेव्हा शेजारचे निवृत्त प्राध्यापक माझ्या कानाशी लागले. "वयं आहेत ती. कळलं ना?" मी मान डोलावली. बल्ब अजून गेलेलाच होता.

मला हे आधी माहीत होतं. पहिल्या तालमीला बोलावलं, तेव्हाच ऐकलं होतं. दुसऱ्या तालमीला सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पण बटणाचं वाक्य चाललं होतं आणि दाढी डोळे पुसत होता. "काका, बाईंनी काय लिहून ठेवलंय हो!" मी तोंड उघडलं. मागून कोणी काही पुटपुटलं नाही. मी "हो" म्हणालो. सांगितलं असतं तर त्याने ती वाक्यं कापली असती. मग ती मोठ्याने कोण म्हणणार?

शेवटी नायक टोकन फाडतो. बाई पहिल्यांदाच उठून उभी राहते आणि प्रेक्षकांकडे बघून म्हणते, "आणि हे बघा, मी अक्काकडे गेले की तुम्ही..." अंधार. वही तिथेच संपते.

बाहेर व्हरांड्यात अक्का कोण यावरून दोन गट पडले. प्राध्यापकांच्या मते अक्का म्हणजे मृत्यू. दुसऱ्या गटाच्या मते तुम्ही सरकार आहात. मनावर घेऊ नका.

त्याआधी दाढीने मला रंगमंचावर नेऊन दोन शब्द बोलायला माईकसमोर उभं केलं होतं. मी सवयीने मान थोडी मागे वळवली आणि वाट पाहिली. बराच वेळ. लोकांना तोही नाटकाचाच भाग वाटला. सगळे उभे राहिले.

पुढच्या रविवारी पुन्हा प्रयोग आहे. अवश्य यावं.

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. खरं तर येऊ नका. प्राध्यापक पुन्हा येणार आहेत. तुम्ही समोर उभ्या राहिलात तर त्यांची पंचाईत होईल.

ता. क. दुसरा. ती आठवडाभर तुमच्याकडे यायची होती. ती गेली त्याच्या आदल्या दुपारी तुम्ही दोघी फोनवर बराच वेळ बोललात. ती तुमच्याकडे आली की मी काय करायचं, ते तिने तुम्हाला सांगितलं होतं का? कुंड्यांना पाणी, गॅसचं बटण, असलंच काही असेल. तेवढं कळवा. त्यासाठीच हे पत्र. दाढीला सांगणार नाही.

ता. क. तिसरा. येताना साठचा बल्ब आणला. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, ती धरायची. त्याखाली नाटकाच्या तिकिटाची घडी सरकवली. पाकीट चिकटवण्याआधी बल्ब बसवून आलो. दोनदा लावून, बंद करून पाहिला.