फ्रान्सचं भरीत आणि सोडलेला टोमॅटो

प्रिय शैला,

उद्या मंजू येतेय. सातवा महिना लागलाय, बाळंतपण इथेच करायचं ठरलंय. काल फोनवर म्हणाली, "बाबा, मला दुसरं काही नको. आईचं ते फ्रान्सचं भरीत खावंसं वाटतंय." झालं! ओट्यावर वांगी, दोडका, ढोबळी मिरची मांडून ठेवलीये, शेजारी टोमॅटो, आणि मी सकाळपासून त्या टोमॅटोंभोवती फेऱ्या मारतोय. हात लावावा की नाही तेच ठरेना, म्हणून तुला लिहायला बसलो. बसलो कसला, ओट्याला टेकून उभ्यानंच लिहितोय.

तू त्याला रातातुई म्हणायचीस. मी म्हणायचो, वांगं लसूण घालून मऊ शिजवलं की ते भरीतच, मग ते फ्रान्सचं असो नाहीतर मंगळवेढ्याचं. तू चिडायचीस, आणि चिडून आणखी एक पळी वाढायचीस.

दर रविवारी तुझं नवं खूळ! आपण दोघं पुण्यापलीकडे कधी गेलो नाही, पण ताटात मेक्सिकोचा भात, इटलीचा पास्ता, स्पेनचं गार सूप. मोबाइलवर बघायचीस आणि सोलापुरात मिळेल त्यात बसवायचीस. त्यांच्या तेलाऐवजी आपलं शेंगतेल, त्यांच्या पानांऐवजी कुंडीतल्या सब्ज्याची पानं. मटण म्हटलं की राजमा, अंडं म्हटलं की पनीर. तुझं कधी अडलं म्हणून नाही.

पण मला एकदा तरी गॅसजवळ येऊ दिलंस का गं? "तुम्ही बाहेर बसा हो, मध्ये मध्ये लुडबुडू नका." बसलो बाहेर. आता सगळं स्वयंपाकघर माझंच आहे, आणि मीठ किती घालायचं तेसुद्धा विचारायला कुणी नाही. हे बरं केलंस का?

तुझ्या तेराव्याचं तुला सांगायचं राहिलंय. पंगत बसली होती. आपली आक्का, माझी थोरली बहीण कशी आहे तुला माहीत आहे. भर पंगतीत म्हणाली, "शैलाच्या नावानं एक काय तरी सोड रं. पुन्यांदा तोंडात घालायचं न्हाय." सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. माझं डोकं ठिकाणावर होतं कुठं? समोर पानात कोशिंबीर होती. म्हणालो, "टोमॅटो." सुटलो, असं वाटलं. तसाही मला तो आमटीत आवडत नाही.

मला काय ठाऊक की तुझं अर्धं जग त्या एका टोमॅटोवर उभं होतं! महिन्याभराने घर खायला उठलं, म्हणून एका रविवारी कमरेला पंचा गुंडाळून तुझा पास्ता करायला घेतला. मोबाइलमधली बाई पहिलंच वाक्य बोलली, टोमॅटो घ्या. मेक्सिकोचा भात काढला, टोमॅटो. गार सूप तर नुसता टोमॅटोच! मग मी पळवाटा शोधल्या. चिंच घातली, त्याचं सांबार झालं. लाल भोपळा घातला, गोडमिट्ट. आक्काने सांगोल्याहून आणलेली डाळिंबं पिळून घातली, रंग असा झाला की मलाच बघवेना. एकटाच होतो, टाकून द्यायलाही लाज वाटली, तेच खाल्लं.

आता मंजूची गोष्ट आली. तिच्यासाठी करायला हरकत नाही, मी खाल्लं नाही म्हणजे झालं, असं मनाला समजावून पाहिलं. पण चाखल्याशिवाय ते तुझ्यासारखं झालंय की नाही, कळणार कसं? मंजू काय, बापाचं मन राखायला कशालाही छान म्हणेल. ती लेक तुझी आहे. आईच्या हातचं मागितलं आणि मी तिच्यापुढे भलतंच काहीतरी ठेवलं, तर? तू नाहीस, ते तिला पुन्हा पहिल्या घासालाच कळायचं का?

शेवटी मघाशी आक्काला विचारलं. बाळंतपणासाठी ती कालच येऊन राहिलीये. म्हटलं, टोमॅटो पुन्हा धरला तर चालेल का? ती फटकन म्हणाली, "तुला टमाटं कवा आवडत व्हतं रं? आवडीचं सोडायचं आसतंय. ते सोडलंच न्हाईस तू. आता दुसरं सांग, जिवाच्या आवडीचं."

तेव्हापासून मी घरभर फिरतोय. चहा सोडू? भाकरी-शेंगाचटणी? दुपारची झोप? एकेक नाव काढतो आणि मला त्यातलं काहीच एवढं आवडत नाही असं लक्षात येतं. तू वाढायचीस म्हणून गोड लागत होतं सगळं. जिवाच्या आवडीचं जे होतं, ते मी रूपाभवानीच्या स्मशानात ठेवून आलो. आता आणखी काय मागतात माझ्याकडे?

तेच आक्काला बोललो. आवाज चढला माझा. म्हटलं, काहीच सोडत नाही मी, राहिलंय काय सोडायला? ती नाकाला पदर लावून म्हणाली, "मग कर की. पोर वाट बघत आसंल." आणि विळी ओढून लसूण सोलायला बसली.

शैला, आत्ता एक टोमॅटो चिरला. फोड तोंडात टाकली. रडू आलं नाही असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही.

तुला शब्द देतो. तुझ्या नावानं मी काहीही सोडणार नाही. तू केलेलं सगळं एकेक करून करीन, बिघडलं तर पुन्हा करीन, आणि चाखून मगच वाढीन. उद्या मंजूच्या शेजारी पाट मांडून जेवायला बसणार आहे. तिच्या पोरालाही हीच चव लावीन.

तुझा,
अरविंद