मारुतीनं गिळलेली चव

मारुती,

चिरंजीव लिहायची सोय तू ठेवली नाहीस. तुला जाऊन दोन वर्षं झाली. दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी, मेलेल्याला पत्र लिहायची हौस मला नाही. पण आपला धाकटा भाऊ शिवा बेळगावच्या त्याच दवाखान्यात पडलाय, पोटात तोच रोग घेऊन. उद्या त्याला कापणार. तुझ्या मूर्खपणाची शिक्षा तो भोगणार, आणि तुला सांगायचंही नाही?

तुझ्या वेळी डॉक्टरनं काय सांगितलं होतं, आठवतं? मोठ्या आतड्याला फुगे आलेत, एक फुटलाय. तेवढा तुकडा काढून दोन टोकं शिवली. "आक्का, रक्ताची मोठी शीर मी तोडली नाही. पाट मोडला तर वाफा जगेल का? रक्त मिळालं तरच जोड धरेल. मी सांगेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. तंबाखू तर मुळीच नाही, त्यानं शिरा आवळतात."

त्या माणसानं एवढं जपून राखलं! आणि तू?

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत म्हणे तुझ्या जिभेशिवाय माल हलत नव्हता. चौथ्या दिवशी आले तुझे दोन शहाणे, धोतराच्या सोग्यात नव्या पानाच्या पुड्या लपवून. "मारुतराव, तुमी चव सांगितल्याबिगर सौदा हुईत न्हाय." झालं! पडल्या पडल्या कण्हणारा माणूस उठून बसला.

"मारुती, थुक ते!" मी ओरडले. तर म्हणतोस कसा, "आक्का, तुला काय कळतंय गं? थुकलं तर घशातला झणका कसा कळंल?" सगळ्या पुड्या चाखल्यास, सगळ्या गिळल्यास. वर "हे पान लई कवळं हाय" म्हणून निकाल दिलास, जसा काही पाटीलच!

दोनच दिवसांत जोड सुटला. पोट नगाऱ्यासारखं झालं. सौदा मात्र झाला हो. तेराव्याला तेच दोघे जेवायला आले, बुंदी दोनदा मागून घेतली.

डॉक्टरनं मला विचारलं होतं, "यानं तोंडात काही घातलं का?" मी म्हटलं, "न्हाय." तुझी अब्रू राखायला! कसली रे तुझी अब्रू? उशीवरचा तंबाखूचा पिवळा डागही मीच धुतला. तुला शिव्या घालते खरी, पण ते खोटं माझं.

त्या भल्या माणसानं ते खरं मानलं. आज म्हणाला, "शीर राखूनही मारुतीचा जोड सुटला होता. शिवाचं आतडं जोडायला माझा हात धजत नाही. आतड्याचं तोंड पोटावर काढू, मळ तिथूनच येईल, जन्मभर तसंच." अरे, चाळिशी गाठली नाही त्यानं, तीन पोरं पदरात! पोटाला फडकं बांधून येळ्ळूरच्या चिखलात भात कसा लावायचा?

तर ऐक. उजाडल्याबरोबर डॉक्टरपुढं उभी राहणार. जोड तुमचा चांगला होता, माझ्या भावानं तंबाखू गिळला आणि मी लपवलं, असं चारचौघांत सांगणार. वखारीत तुझं हसं झालं तर होऊ दे. मला हाकललं तर दारात बसेन. शिवाच्या खाटेशी कुणी पुडी घेऊन फिरकला तर चपलेनं हाणीन.

जोड धरो न धरो, त्या माणसाशी पुन्हा खोटं बोलणार नाही. हे वचन तुला नाही, शिवाला.

तुझी,
आक्का