आधी पट्टी, मग पाय

प्रिय आप्पा,

तुम्हाला जाऊन सात महिने झाले. एवढे दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की मी तुमची उलटतपासणीच घेणार हे मला माहीत होतं. आज बसले, कारण काल रामाकाका दुकानासमोरच्या बाकड्यावर पालथे पडले आणि म्हणाले, "शीतल, पाय लाव गं. पाठीत लय धरलंय."

तुमचा सख्खा भाऊ, आप्पा! तुमच्यानंतर पंक्चरचं दुकान तेच चालवतात. सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा?

मी पायाळू, पायांकडून जन्मलेली. कुणाला उसण भरली की माझा पाय त्याच्या पाठीला लावायचा, हे लहानपणापासून चालत आलेलं. तुम्ही ट्यूब घासता घासता गिऱ्हाइकाला सांगायचात, "आमच्या पोरीच्या पायात गुण हाय. अन् डोक्यात बी हाय, बीएस्सी करायलीय." मला त्या पहिल्या वाक्याची लाज वाटायची. तुम्हाला मात्र दोन्हींचा सारखाच अभिमान!

तुम्ही गेलात त्या दिवशी आईचा फोन सकाळी दहाला आला. मी परभणीत क्लासला होते. "आप्पाला उसण भरलीय. आत्ताच. ट्रॅक्टरचं टायर उचललं होतं. येतीस का?" आत्ताच म्हणाली म्हणून मी तास संपवून निघाले. फाट्यावर उतरले तेव्हा एक वाजला होता. तुम्ही बाकड्यावर पालथे होतात आणि बनियन पाठीला चिकटलं होतं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, नाही का? तीन वर्षं शास्त्र शिकले म्हणून मिरवणारी मी, चप्पल काढली आणि पाय लावला.

तुम्ही म्हणालात, "लय बरं वाटलं बघ."

त्या चार शब्दांवर मी अर्धा तास शांत बसले. चहा प्यायले! मग तुम्हाला उलटी झाली, ओठ काळे पडले आणि आपण जीप थांबवली.

सेलूच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दुखणं किती वाजता सुरू झालं?" आई म्हणाली, दहाला. काका म्हणाले, बाराला. तुम्ही, तशा अवस्थेत, म्हणालात, "थोड्या वेळापूर्वी." एका माणसाच्या दुखण्याच्या तीन वेळा! डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे तर एकही वेळ नव्हती.

नंतर त्यांनी मला समजावलं. हृदयाला रक्त देणारी नळी बंद पडली की पुढचं मांस एका क्षणात मरत नाही. थोडं थोडं मरत जातं. नळी जितक्या लवकर उघडेल तितकं वाचतं. हे दुखणं छातीतच असेल असं नाही, पाठीत, जबड्यात, हातातही असतं. तुम्हाला नळीतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं होतं. पण तोवर वाचवायला फारसं उरलं नव्हतं. संध्याकाळी तुम्ही गेलात.

तेव्हापासून मी कुणावरच विश्वास ठेवत नाही. आईने सांगितलेली वेळ मी काकांना विचारते, काकांची आईला. तुमच्या दुकानाचा गल्ला उघडला तर आत पित्ताच्या गोळ्यांच्या दोन रिकाम्या पट्ट्या. किती दिवस खात होतात? कुणाला सांगितलं होतं? शेवटी समोरच्या टपरीवाल्या चाचांना गाठलं. ते आधी कप विसळत बसले. मग म्हणाले, "बेटी, सकाळी सातलाच घाम पुसायले होते. मी म्हनलं, आप्पा, सेलूला चला. तर म्हनले, पोरगी येईल, पाय लावील, उतरंल."

सातला!

मी तशीच आईसमोर जाऊन उभी राहिले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "सकाळपासून दुखायलंय म्हणलं असतं तर तूच म्हणली असतीस, दवाखान्यात न्या. अन् त्यायला दवाखाना नको होता. तुझाच पाय पायजे होता. मग काय करू मी?"

खरं आहे, आप्पा. मी तेच म्हणाले असते. म्हणून तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत. तेही माझ्यावरच्याच विश्वासापायी! तुमच्यावर रागवायचं तरी कसं?

तर काल काका पालथे पडले होते. मी चप्पल काढलीच नाही. "घाम येतोय का?"

"उन्हाळ्यात घाम न्हाई तर काय बर्फ येतो का?"

"कधीपासून दुखतंय?"

"आत्ताच."

तो शब्द ऐकला आणि माझं डोकं सणकलं. मी म्हणाले, "आधी सेलूला चला. हृदयाची पट्टी काढा, ईसीजी. मग पाय लावते."

"ग्रॅज्युएट झालीस तर पाय बी महाग केलास का गं?"

"केला. उठा."

चाचांनी टपरी तशीच उघडी टाकून त्यांचा हात धरला. एकदा पट्टी काढली, तासाभराने परत काढली, रक्तही तपासलं. काही निघालं नाही. खरोखरच उसण होती! काका कागद नाचवत परत आले. "झालं समाधान? लाव आता." मी लावला. त्यांना बरंही वाटलं म्हणे. फाट्यावर सगळे मला हसले. हसू देत.

पण आज सकाळी वरच्या आळीतली एक काकू कंबर धरून आली आणि तिनेच विचारलं, "पयले पट्टी काढावी लागती म्हणं ना तुझ्याकडं?" मी हो म्हणाले. माझ्या पायात काही गुण आहे असं मला वाटत नाही, तरी मी त्याच्याच जोरावर लोकांना दवाखान्यात धाडते आहे. ही लबाडीच ना, आप्पा? असू दे. तुमच्याकडूनच शिकले.

एकच गोष्ट कळत नाही आणि आता कधी कळणारही नाही. त्या दिवशी तुम्हाला खरंच बरं वाटलं होतं, की माझं मन राखायला तसं म्हणालात?

तुम्हाला शब्द देते. कागद बघितल्याशिवाय कुणाच्या पाठीला पाय लावणार नाही. "आत्ताच दुखायलंय" म्हणणाऱ्याची वेळ चार जणांना विचारून घेईन. आणि घामाघूम झालेलं माणूस माझ्याकडे बघून "लय बरं वाटलं" म्हणालं, तर ते कितीही लाडकं असो, मी त्याचं ऐकणार नाही. जीप थांबवीन.

तुमची,
शीतल