हेडमास्तरांची औटकी

गिरगाव, कार्तिक वद्य षष्ठी, शके १८१७

आजपासून वर्गात पाढे घोकणे बंद. हेडमास्तर म्हणाले, "पोरांना डोलायला नव्हे, विचार करायला शिकवा." बरोबरच असेल. पण वर्ग कसा सुना सुना वाटला! पंतोजींच्या पडवीत आम्ही साडेतीनची औटकी डोलत म्हणायचो, तेव्हा त्यांचे तान्हे मूल गाढ झोपी जाई.

संध्याकाळी शाळेच्या पडद्यांचा हिशेब निघाला. सात खिडक्या, प्रत्येकीला साडेतीन वार कापड. मी पाटी शोधतोय, तोवर हेडमास्तर डोळे मिटून चक्क डोलू लागले!

"साडेचोवीस."

मी विचारले, "कोणत्या पंतोजींकडे शिकलात?"

ते ओशाळले, मग हसले. "राजापुरास. फार छड्या खाल्ल्या हो."

आणि पुन्हा हळूच डोलू लागले. आता मोजायचे तर काहीच उरले नव्हते.