तारेची घासणी

खर्डी, रविवार

साळवी साहेब, सविनय जय भीम.

विमानाच्या पोटाला, रिव्हेटांभोवती, गंजाची पांढरी भुकटी धरली होती. तुमी नायलॉनचा ब्रश दिलात. मी लोखंडी तारेच्या घासणीनं घासलं, घरी आई ॲल्युमिनियमची टोपं घासते तसं. पत्रा चकाकला. तुमी पाठ थोपटून तपासणीच्या कागदावर सही केलीत.

तारेचे लोखंडी कण ॲल्युमिनियमच्या पत्र्यात रुतले, आतून गंज धरला. सहा वर्षांनी रंगाखाली पत्रा पोखरलेला निघाला. चौकशीत तुमी एवढंच म्हणालात, “सही माझी आहे.” नोकरी तुमची गेली. मी बाजूलाच उभा होतो, काय बोललो नाय.

आता नव्या लोकांना मीच शिकवतो. पहिल्या दिवशी तारेची घासणी दाखवून सांगतो, हिच्यामुळं एक विमान वाया गेलं. कोणी घासलं, असं ते विचारतात.

मी तुमचं नाव सांगतो.

तुमचा पत्ता खिशात ठेवून फिरणारा,
बुद्धभूषण